अमेरिकेचे तुरुंग कोणी भरले?

१९७२ साली मुंबईतल्या पोरांनी 'दलित पँथर' उभी केली. नाव अमेरिकेतल्या 'ब्लॅक पँथर'वरून घेतलं. एवढं आपल्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. पण ज्यांच्यावरून नाव घेतलं त्यांच्या वस्त्यांचं पुढं काय झालं, हे आपण फारसं विचारीत नाही. गोळ्या झाल्या, हे माहीत असतं. ४ डिसेंबर १९६९ ला शिकागोत फ्रेड हॅम्प्टनला पोलिसांनी त्याच्या राहत्या घरात पहाटे ठार मारलं. वय एकवीस. पण गोळीनं मोजकी माणसं मरतात. बाकीच्या लाखोंसाठी त्या देशानं दुसरं हत्यार काढलं. तुरुंग.

आकडे बघा. १९७२ साली अमेरिकेच्या राज्य आणि केंद्र सरकारांच्या तुरुंगांत मिळून दोन लाखांच्या आत कैदी होते. त्याआधीची जवळजवळ पन्नास वर्षं लाख लोकवस्तीमागं शंभराच्या मागंपुढं कैदी, असंच चाललं होतं. मंदी आली, महायुद्ध आलं, आकडा फार हलला नाही. आणि २००९ साली तीच संख्या सोळा लाखांवर गेली. जिल्ह्याजिल्ह्यांच्या कोठड्या धरल्या तर बावीस लाखांच्या वर. तेव्हा जगातल्या माणसांत अमेरिकन साधारण विसात एक होता, पण जगातल्या कैद्यांत जवळजवळ चारांत एक. त्या देशात काळी माणसं शंभरात तेरा. तुरुंगात मात्र तेव्हा शंभरात पस्तीसच्या वर होती.

मी माग चालवणारा माणूस. कापड जास्त निघालं की मी दोनच गोष्टी बघतो. माग वाढले, की पाळी लांबली? तुरुंगाचंही तसंच. आत घातलेली माणसं वाढली, की आत ठेवण्याचा काळ लांबला? अमेरिकेत दोन्ही केलं. आणि दोन्ही विधिमंडळात बसून, कायदा लिहून केलं.

सरकारधार्जिणे म्हणतात, गुन्हे वाढले म्हणून तुरुंग वाढले. १९६० नंतर तिथं खून-दरोडे वाढले होते हे खरं. पण १९९१ नंतर ते उतरत गेले. तुरुंग मात्र त्यानंतरही अठरा वर्षं फुगत राहिला. ताप उतरला तरी डोस वाढवीत नेणाऱ्या डॉक्टरला आपण काय म्हणू?

याची मुळी जुनी आहे. १८६५ साली तेराव्या घटनादुरुस्तीनं अमेरिकेतली गुलामगिरी संपली, असं आपण वाचतो. त्या दुरुस्तीत एक शेपूट आहे. गुलामी आणि सक्तीची चाकरी बंद, पण गुन्ह्याची शिक्षा झालेल्यांना वगळून. त्या 'वगळून'मधून मालक लोक परत आत शिरले. त्याच वर्षी मिसिसिपी राज्यानं कायदा केला. काळ्या माणसानं दर जानेवारीत आपल्या कामधंद्याचा लेखी पुरावा दाखवायचा. नसला तर तो उनाड. उनाडाला दंड. दंड भरता आला नाही तर जो कोणी दंड भरील त्याच्याकडं राबायचं. काल गुलाम होता, आज गुन्हेगार झाला. शेत तेच, मालक तोच.

मग दक्षिणेतली सरकारं कैदी भाड्यानं देऊ लागली. कोळशाच्या खाणीत, रेल्वेच्या रुळांवर. विकत घेतलेला गुलाम मेला तर मालकाचं भांडवल बुडायचं. भाड्याचा कैदी मेला तर दुसरा मिळायचा. १९११ साली अलाबामातल्या बॅनर खाणीत स्फोट होऊन १२८ माणसं मेली. त्यातले बहुतेक असे भाड्याचे काळे कैदी होते. अलाबामानं ही पद्धत १९२८ साली बंद केली, सर्वांत शेवटी. १९०१ सालीच ड्यू बॉइस यांनी तिला गुलामगिरीची पिलावळ म्हटलं होतं. हेच ते ड्यू बॉइस, ज्यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडं काळ्यांनी केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. बाबासाहेबांचं लक्ष कुठवर होतं ते यावरून समजावं.

आता आपल्या १९७२ च्या आसपास या. सप्टेंबर १९७१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅटिका तुरुंगात कैद्यांनी बंड केलं. आठवड्याला एक आंघोळ मिळायची. मागण्या काय? कामाला किमान वेतन द्या, धर्म पाळू द्या, नीट दवापाणी करा. १३ सप्टेंबरला गव्हर्नर नेल्सन रॉकफेलरच्या हुकमानं पोलीस आत घुसले. २९ कैदी आणि ओलीस धरलेले १० कर्मचारी गोळ्यांनी मेले. बंदुका फक्त सरकारच्या होत्या.

त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष निक्सननं नशापाण्याला देशाचा पहिला शत्रू ठरवलं. आणि १९७३ साली त्याच रॉकफेलरनं आपल्या राज्यात कायदा आणला. दोन औंस हेरॉइन किंवा कोकेन जवळ सापडलं की कमीत कमी पंधरा वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. दोन औंस म्हणजे पाव किलोच्या चौथाईहून कमी. माणूस कोण, पहिलाच गुन्हा का, घरी कोण उपाशी, हे बघायचा न्यायाधीशाचा अधिकारच काढला. अ‍ॅटिकातल्या गोळीबारावर जगभर ओरड झाली. या कायद्यानं कितीतरी जास्त घरं मोडली, त्याची तेवढी ओरड झाली नाही.

१९८६ साली केंद्रानं त्यावर कडी केली. क्रॅक नावाचं कोकेन पाच ग्रॅम असलं तर किमान पाच वर्षं. कोकेनचीच पावडर असली तर त्याच पाच वर्षांसाठी पाचशे ग्रॅम लागायची. नशा एकच. क्रॅकसाठी धरलेले बहुतेक काळे असत. अख्ख्या कायद्यात 'काळा' हा शब्द नाही. तसा लिहायची गरजच नव्हती. २०१० साली शंभरपटीचा हा फरक अठरापटीवर आणला. संपवला नाही.

१९९४ साली कॅलिफोर्नियानं ठरवलं, तिसरा गुन्हा म्हणजे पंचवीस वर्षं ते जन्मठेप. या कायद्याखाली एका माणसाला गोल्फच्या तीन काठ्या चोरल्याबद्दल ही शिक्षा झाली आणि २००३ साली सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. १९९४ मध्येच क्लिंटनच्या सहीनं केंद्राचा मोठा कायदा झाला. हिंसक गुन्ह्याचा कैदी शिक्षेचा ८५ टक्के काळ आतच ठेवील त्या राज्याला तुरुंग बांधायला पैसे. क्लिंटन म्हणजे डेमोक्रॅटिक पक्ष, काळ्यांची मतं घेणारा. हे 'आपल्या' पक्षांवर विसंबणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

लांब शिक्षेचा आणखी एक उपयोग झाला. सरकारी वकील म्हणतो, खटला लढलास तर पंधरा वर्षं, कबूल केलंस तर तीन. माणूस कबूल करतो. तिथल्या शंभर शिक्षांमधल्या नव्वदाहून जास्त अशा कबुलीवर होतात. पुरावा कुणी तपासलाच नाही.

आणि मत? मेन आणि व्हरमाँट ही दोन राज्यं सोडली तर मोठ्या गुन्ह्याची शिक्षा तुरुंगात भोगणाऱ्याला बाकी राज्यांत सहसा मत नाही. पण जनगणनेत तो मोजला जातो, तोही त्याच्या वस्तीत नव्हे, तुरुंग असलेल्या गावात. बरेच तुरुंग गोऱ्यांच्या खेड्यापाड्यांत. म्हणजे काळ्या माणसाच्या डोक्यावर गोऱ्या मतदारसंघाचं वजन वाढतं. काही राज्यांनी ही मोजणी बदलली आहे, सगळ्यांनी नाही. 'एक माणूस, एक मत, एक मूल्य' हे ज्यानं बाबासाहेबांकडून शिकलंय त्याला यातली चोरी वेगळी सांगायला नको.

२००९ नंतर आकडा उतरला. २०२२ च्या अखेरीस राज्य आणि केंद्राच्या तुरुंगांत सुमारे १२ लाख ३० हजार माणसं होती. तरी १९७२ च्या सहापट. २०१८ साली कोलोरॅडोच्या मतदारांनी आपल्या राज्यघटनेतलं ते 'वगळून' काढून टाकलं. २०२४ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी कैद्यांची सक्तीची चाकरी बंद करायला नकार दिला. दीडशे वर्षांनंतरही लढा एका शब्दावर चालू आहे.

आपल्या घटनेचं कलम २३ वेठबिगार बंद करतं. त्यात शिक्षा झालेल्यांना वगळणारं शेपूट नाही. पण शब्द दुसरीकडून घुसतो. आपल्याकडं १८७१ साली इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटात तारेच्या आत ठेवलेली माणसं गिरण्यांत राबली. कायदा १९५२ साली गेला, शिक्का राहिला. अनेक राज्यांच्या तुरुंग-नियमावल्यांत झाडू कुणी मारायचा आणि भाकरी कुणी थापायची हे जातीवर ठरत होतं. ते घटनाबाह्य ठरवायला सुप्रीम कोर्टाला ३ ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला. घटना लागू झाल्यावर चौऱ्याहत्तर वर्षांनी. एका पत्रकार बाईनं नियमावल्या उघडून वाचल्या, कोर्टात गेली, म्हणून. २०२२ च्या अखेरीस भारतात ५ लाख ७३ हजार कैदी होते आणि दर चारांत तीन कच्चे. अमेरिकेत शिक्षा लांबवून माणूस आत ठेवला. इथं शिक्षेचीही गरज लागत नाही, नुसती तारीख पडत राहते.

दोस्तहो, मोर्चावर लाठी पडली की आपण रस्त्यावर येतो. यायलाच पाहिजे. पण लाठीचा वळ दिसतो, कलमाचा दिसत नाही. नवा कायदा सभागृहात येतो त्या दिवशी तो मिळवून वाचा. एकट्याला कळत नसेल तर चौघांनी विहारात बसून वाचा. दोन प्रश्न विचारा. यानं आत कोण जाणार? आणि किती दिवस राहणार? ब्लॅक पँथरच्या वस्त्यांत हे विचारायला माणसं उरली नव्हती, जी उरली ती मारली-कोंडली गेली. आपण अजून बाहेर आहोत.

जय भीम.