हे कोण भरून देणार?

१२ जुलै आला की मला अजून ओल्या गाळाचा वास येतो. १९६१ साली मी दहा वर्षांची होते. त्या सकाळी पानशेत फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासलाही फोडले. आम्ही वेळेवर मामांकडे पळालो म्हणून वाचलो. परतलो तेव्हा नारायण पेठेतल्या आमच्या खोल्यांत गुडघाभर गाळ होता. वर्षाची ज्वारी भिजून फुगलेली. आई तिच्याकडे बघत म्हणाली, "हे कोण भरून देणार?"

यंदा नातू वकिलीच्या वर्गात आहे. परवा त्याने विचारले, "आजी, धरणाच्या मालकाने सुरक्षेचे नियम मोडले तर पूर्वी काय शिक्षा होती गं?" जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे माझे उत्तर थेट बॅबिलोनपासून सुरू झाले!

सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी राजा हम्मुराबीने दगडावर कायदे कोरून घेतले. त्यात हे आहे. आपला बांध नीट राखण्यात आळस केला आणि तो फुटून शेजाऱ्यांची शेते बुडाली, तर बुडालेले धान्य बांधाच्या मालकाने भरून द्यायचे. ऐपत नसेल तर त्याला आणि त्याच्या मालमत्तेला विकायचे, व आलेले पैसे त्या शेतकऱ्यांनी वाटून घ्यायचे. शिक्षा क्रूर खरी, पण आईच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे.

आपल्या कौटिल्याने पाणी असलेला बांध फोडणाऱ्याला तिथेच बुडवण्याची शिक्षा सांगितली. बांध कोरडा असेल तर जबर दंड. तिथे गुन्हेगार फोडणारा. हम्मुराबीकडे मात्र हयगय करणारा मालकच.

पण मालक एकटा शेतकरी नसून बडी मंडळी असतील तर? अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्कचे मातीचे धरण पिट्सबर्गच्या धनिकांच्या क्लबाकडे होते. कार्नेगी आणि फ्रिक त्याचे सभासद. धरणातून पाणी सोडायचे नळ आधीच काढून टाकलेले होते, आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवलेल्या. ३१ मे १८८९ रोजी धरण फुटले आणि खालच्या जॉन्सटाउन परिसरात २,२०९ माणसे गेली. क्लबावर दावे झाले, पण एकही टिकला नाही. कार्नेगींनी पुढे गावाला वाचनालय बांधून दिले. ती देणगी होती, दंड नव्हे.

आणि मालक सरकारच असेल तर? पानशेतचे काम पुरते झालेले नसताना त्या पावसाळ्यात पाणी अडले. धरण सरकारचे, चौकशी आयोगही सरकारनेच नेमला. आधी न्यायमूर्ती बावडेकर आणि त्यांच्या निधनानंतर न्यायमूर्ती नाईक.

देशभरासाठी धरण सुरक्षा कायदा आला तो थेट २०२१ मध्ये, म्हणजे पानशेतनंतर साठ वर्षांनी. कायद्याखालचे निर्देश पाळायला नकार दिला किंवा अधिकाऱ्यांना अडवले तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. त्यातून जीवितहानी झाली तर दोन वर्षांपर्यंत कैद. विशेष म्हणजे सरकारी खात्याकडून गुन्हा घडला तर खातेप्रमुख दोषी धरला जातो. आपल्याला माहिती नव्हती किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे त्याने सिद्ध करायचे. हे मला फार मोलाचे वाटते. 'खाते' तुरुंगात जात नाही, माणूस जातो.

मात्र नातवाने कायदा उघडून दाखवला तेव्हा दोन गोष्टी खटकल्या. या कायद्याखाली न्यायालयात तक्रार करायची ती सरकारने किंवा त्याच्याच समित्या-यंत्रणांनी. आणि बुडालेल्यांना भरपाई द्यायचे कलम त्यात नाही.

"म्हणजे पणजीचा प्रश्न अजून तसाच आहे," नातू म्हणाला.

मी म्हटले, "बाळा, वकील होतोयस ना? मग लक्षात ठेव तो."