सहीचं वजन

मराठीत सहीला वजन असतं. कलेक्टरच्या सहीचं वेगळं, तलाठ्याच्या सहीचं वेगळं. आणि कागदावर आधी 'वजन' ठेवल्याशिवाय काही सह्या उमटतच नाहीत, हेही आपण जाणतो. बिटकॉइनच्या जगात मात्र सहीचं वजन खरोखरच मोजतात. त्यासाठी 'वेट युनिट' नावाचं एकक आहे आणि ज्याचं वजन जास्त, त्याला वाहतूकखर्चही जास्त. जुन्या पद्धतीची एक सही या काट्यावर साधारण २८८ भरते, नव्या पद्धतीची ६४. बिटकॉइनची क्षमता वाढवण्याच्या बातम्या आपण वाचतो त्या ब्लॉकच्या आकाराबद्दल, लाइटनिंगबद्दल, मायनर लोकांच्या भांडणांबद्दल. माझ्या मते त्या सगळ्यांच्या तळाशी ही एवढीशी सही आहे. आणि तिचं कुळ काढायला बसलं, तर धागा बिटकॉइनच्या वीस वर्षं आधी, एका बँक कार्डासारख्या कार्डापाशी जाऊन पोहोचतो.

संगणकावर सही करता येईल, ही कल्पना डिफी आणि हेलमन यांनी १९७६ साली मांडली. आरएसए आणि एलगमाल या सह्या त्यानंतर आल्या. त्या चालत होत्या, पण अंगाने जड होत्या. फ्रँकफर्ट विद्यापीठातले गणिती क्लाउस श्नोर यांच्यापुढे प्रश्न होता स्मार्ट कार्डाचा. कार्डावरची चिप दुबळी, तिच्यात जागा थोडी. तिला झेपेल अशी सही कशी घडवायची? १९८९ साली सांता बार्बराच्या 'क्रिप्टो' परिषदेत त्यांनी उत्तर मांडलं. जड हिशेब आधीच करून ठेवायचे आणि सहीच्या क्षणी चिपने फक्त एक गुणाकार आणि एक बेरीज करायची. एक गुप्त किल्ली, दर वेळी नवा असा एक गुप्त आकडा आणि मजकुरावरून निघालेला तिसरा आकडा. किल्लीला तिसऱ्याने गुणायचं, त्यात दुसरा मिळवायचा, झाली सही. शाळेच्या वहीत मावेल एवढंच समीकरण. त्यातली बेरीज लक्षात ठेवा, पुढे सारी गंमत तिचीच आहे.

पण श्नोर यांनी पेटंट घेतलं. अमेरिकेत ते १९९१ च्या फेब्रुवारीत मंजूर झालं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेने सरकारी वापरासाठी स्वतःची सही पुढे आणली, 'डीएसए'. नाकीडोळी ती श्नोरच्या सहीसारखीच, फक्त समीकरणात एका जागी भागाकार घुसवलेला. श्नोर म्हणाले, ही माझ्याच पेटंटात येते. निस्टने ते मान्य केलं नाही. भागाकार पेटंट चुकवण्यासाठीच आला, असं मानणारे या क्षेत्रात पुष्कळ आहेत. हेतू काहीही असो, फुकट वापरायला मिळालेली सही भागाकाराची होती आणि जग तिच्याच मागे गेलं. १९९२ साली कॅनडाचे स्कॉट व्हॅनस्टोन यांनी तिला लंबवर्तुळी वक्रांच्या गणितावर बसवायचं सुचवलं. ती 'ईसीडीएसए'. १९९९ पर्यंत ती प्रमाणित झाली आणि लवकरच सगळ्या तयार सॉफ्टवेअर-संग्रहांत जाऊन बसली. थोरली पेटंटाच्या कुलपात आणि चुलत बहीण घरोघरी, असा हा मामला.

सातोशी नाकामोतो या टोपणनावाच्या व्यक्तीने २००८ च्या अखेरीस बिटकॉइनचा आराखडा जाहीर केला, तेव्हा ती घरोघरची सहीच हाताशी होती. ओपनएसएसएल या मुक्त संग्रहात ती तयार मिळत होती, तीच उचलली. श्नोरच्या पेटंटाची मुदत त्याच सुमारास सरत होती, पण वापरून घासूनपुसून पाहिलेलं असं तिचं रूप तेव्हा कुठेच नव्हतं. काळाची गाठ थोडक्यात चुकली.

हे चुकणं किती महागात पडलं, ते आकड्यांत पाहू. जुन्या पद्धतीचा एक साधा व्यवहार साधारण २२५ बाइटांचा असतो. त्यातले शंभराहून अधिक बाइट एकट्या सहीने आणि तिच्यासोबत द्यायच्या सार्वजनिक किल्लीने खाल्लेले असतात. २०१० मध्ये सातोशीने एका ब्लॉकला, म्हणजे व्यवहारांच्या एका गठ्ठ्याला, दहा लाख बाइटांची मर्यादा घातली, फारसा गाजावाजा न करता. सरासरी दहा मिनिटांना एक ब्लॉक. गुणाकार करून पाहिलात तर सेकंदाला जेमतेम सात व्यवहार निघतात. सगळ्या जगाचा पैसा होऊ पाहणाऱ्या यंत्रणेला सात! त्यावर 'मर्यादा वाढवा' असं म्हणणारे एकीकडे, 'वाढवली तर सामान्य माणसाला स्वतःच्या संगणकावर सगळा हिशेब तपासणं परवडणार नाही' म्हणणारे दुसरीकडे. २०१५ ते २०१७ या काळात हे भांडण इतकं पेटलं की एक गट १ ऑगस्ट २०१७ ला चूल वेगळी मांडून 'बिटकॉइन कॅश' घेऊन निघून गेला.

भांडण आकारावरून चाललं होतं, घोडं मात्र सहीपाशी पेंड खात होतं. ईसीडीएसएच्या सहीत एक चमत्कारिक सैलपणा आहे: तिच्या दोन आकड्यांपैकी एकाचं चिन्ह उलटं केलं, तरी सही खरीच ठरते. म्हणजे रस्त्यात उभा असलेला तिऱ्हाईत तुमची गुप्त किल्ली न जाणताही तुमच्या सहीचा चेहरा बदलू शकतो. पैसे त्याच माणसाला जातात, रक्कमही तीच राहते, पण व्यवहाराचा ओळखक्रमांक सहीसकट काढलेला असल्यामुळे तो बदलतो. पावती तीच, पावती नंबर दुसरा. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोकियोतल्या माउंट गॉक्स या बाजाराने पैसे काढणं थांबवलं तेव्हा खापर या सैलपणावर फोडलं होतं. महिनाअखेर दिवाळखोरी, आणि साडेआठ लाख बिटकॉइन नाहीसे झाल्याची कबुली. झुरिकच्या डेकर आणि वॉटनहोफर या संशोधकांनी जाळ्यावरच्या नोंदी चाळल्या, तेव्हा कळलं की पैसे काढणं थांबण्याआधी या मार्गाने फार तर ३८६ नाणी गेली असतील. बाकीचा कळसा दुसऱ्याच कुणाच्या काखेत होता.

तरी दोष खरा होता, आणि तो पुढची वाट अडवत होता. लाइटनिंगची कल्पना पून आणि ड्रायजा यांनी २०१५ मध्ये मांडली: छोटे व्यवहार आपापसांत करत राहा, मुख्य खात्यावर फक्त सुरुवात आणि शेवट नोंदवा. त्यात आधीच्या, अजून न नोंदलेल्या व्यवहाराच्या क्रमांकावर पुढच्या सह्या रचायच्या असतात. क्रमांकच रस्त्यात बदलणार असेल, तर वरची रचना कोसळते.

यावरचा उपाय मला या सगळ्या कथेतला सर्वांत देखणा वाटतो. बेल्जियमचे पीटर वुइल यांनी डिसेंबर २०१५ मध्ये हाँगकाँगला तो मांडला. नाव 'सेग्विट', म्हणजे साक्ष वेगळी काढणं. आपल्याकडे खरेदीखतात मिळकतीचं वर्णन आणि रक्कम एका भागात येतात, सह्या-साक्षी शेवटी. सेग्विटने तसंच केलं: सह्या व्यवहाराच्या पोटातून काढून वेगळ्या पानावर नेल्या आणि ओळखक्रमांक फक्त मुख्य मजकुरावरून काढला. आता सहीशी कुणी कितीही खेळलं तरी पावती नंबर हलत नाही. खरी कसरत पुढेच होती. जगभरचे जुने नोड, म्हणजे हिशेब तपासणारे संगणक, बंद न पाडता हे करायचं होतं. ल्यूक डॅशज्युनियर या प्रोग्रॅमरने वाट दाखवली. नव्या पद्धतीचे पैसे जुन्या नोडला 'सही न मागता कुणीही खर्चावेत' असे दिसतात, त्यामुळे तो हरकत घेत नाही. नवा नोड मात्र वेगळ्या पानावरची सही मागतो. त्या सगळ्या पानांचा एकत्रित ठसा ब्लॉकच्या पहिल्या व्यवहारात टाकलेला असतो. नियम मोडला नाही, आवळला. याला 'सॉफ्ट फोर्क' म्हणतात.

आणि इथे वजनकाटा आला. मुख्य मजकुराचा एक बाइट म्हणजे चार एककं, साक्षीच्या पानावरचा एक बाइट म्हणजे एकच. ब्लॉकची नवी मर्यादा चाळीस लाख एककं. जुन्या नोडला दिसणारा भाग दहा लाख बाइटांच्या आतच राहतो, तरी प्रत्यक्षात ब्लॉक मोठा होतो. मर्यादा न वाढवता वाढवली! ब्लॉक तयार करणाऱ्या मायनर लोकांनी बरेच महिने ताटकळत ठेवल्यावर, वापरणाऱ्यांनीच त्यांचे ब्लॉक नाकारायची धमकी दिल्यावर, २४ ऑगस्ट २०१७ ला ४,८१,८२४ व्या ब्लॉकपासून सेग्विट लागू झालं.

मग थोरलीला घरात आणायची वेळ झाली. १४ नोव्हेंबर २०२१ रोजी ७,०९,६३२ व्या ब्लॉकपासून 'टॅपरूट' नावाचा नवा नियमबदल लागू झाला आणि त्यासोबत श्नोरची सही बिटकॉइनमध्ये आली. या वेळी भांडणही जवळजवळ झालं नाही, दमलेल्या घरात होत नाही तसं. सही नेमकी ६४ बाइटांची. पण तिचा खरा गुण लहानपणात नाही, त्या बेरजेत आहे. भागाकाराच्या सह्या एकमेकींत मिसळत नाहीत, बेरजेच्या मिसळतात. तिघा भागीदारांनी आपापल्या किल्ल्यांची बेरीज करून एक किल्ली केली आणि सह्यांची बेरीज करून एक सही, तर बाहेरच्याला एकाच माणसाचा व्यवहार दिसतो. वजनही एकाचंच. अर्थात साध्या बेरजेत एक लबाडी शक्य आहे. शेवटी किल्ली सांगणारा माणूस दुसऱ्यांच्या किल्ल्या वजा करून आपली सांगतो आणि बेरजेत उरते एकट्याची त्याची. ही पळवाट बुजवणारी 'म्यूसिग' नावाची पद्धत २०१८ मध्ये आली, तिच्या पहिल्या रूपाच्या सिद्धतेत चूक सापडली, दुरुस्तीत एक फेरी वाढली, आणि २०२० च्या 'म्यूसिग२' ने ती फेरी पुन्हा वाचवली. एका व्यवहारातल्या सगळ्याच सह्यांची एक सही करायची पुढची पायरी मात्र बिटकॉइनने अजून चढलेली नाही.

काटकसर करून मोकळी केलेली खोली रिकामी राहत नाही, हे कुठल्याही गृहिणीला ठाऊक असतं. साक्षीच्या पानावर वजनात सवलत, आणि टॅपरूटने तिथल्या मजकुराच्या लांबीवरची जुनी अट काढलेली. या दोन्हींची सांगड घालून केसी रोडारमर यांनी जानेवारी २०२३ मध्ये 'ऑर्डिनल्स' आणलं आणि लोक सह्यांच्या जागी चित्रं डकवू लागले. १ फेब्रुवारी २०२३ ला एका जादूगाराच्या चित्राने जवळजवळ चार मेगाबाइटांचा अख्खा ब्लॉक अडवला. सह्यांसाठी राखलेली जागा व्यंगचित्रांनी भरलेली पाहून कित्येक जुने कार्यकर्ते चिडले. मला हसू आलं. सवलत दिली की तिचा लाभार्थी आपण ठरवू शकत नाही.

श्नोर यांचं काय झालं? ज्या वर्षी त्यांची सही बिटकॉइनमध्ये आली, त्याच २०२१ मध्ये त्यांनी मोठ्या संख्यांचे अवयव झपाट्याने पाडण्याचा एक निबंध जाहीर केला आणि त्याने आरएसए मोडीत निघेल असा दावा केला. तपासणाऱ्यांना तसं काही आढळलं नाही. वयाच्या ऐंशीच्या घरातही हा माणूस सह्या मोडायला निघाला होता, याचं मला कौतुक वाटतं.

सह्या मोडण्याची खरी भीती आता क्वांटम संगणकाची आहे. पुरेसा मोठा बनला, तर श्नोरची सही आणि तिची चुलत बहीण दोघीही एकदमच पडतील. निस्टने ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला तोंड देतील अशा सह्या प्रमाणित केल्या. त्यातल्या एमएल-डीएसएचं सर्वांत छोटं रूप २,४२० बाइटांचं आहे, आणि तिच्या सार्वजनिक किल्लीचे १,३१२ बाइट वेगळे. दुसरी, एसएलएच-डीएसए, लहानात लहान घेतली तरी ७,८५६ बाइटांची. साक्षीच्या पानावरची सवलत धरूनही पहिलीचं वजन जुन्या २८८ च्या आठपटींहून जास्त भरतं. अशा सह्यांना आणखी मोठी सवलत द्यावी का, यावर प्रोग्रॅमर मंडळींत चर्चा चालू आहे. चित्रं डकवणारे त्याच दारात उभे आहेत.