पाचरीची करामत आणि लोखंडी नांगर



आपल्या वेळणेश्वरात नारळ सोलताना तो रोवलेल्या टोकदार पहारीवर मारतो, पिळतो, आणि सोडण सुटते. ओंडका फुटेना, तर चिरेत पाचर घालून घण मारतो. पहारीचे टोक, कुऱ्हाड, कोयता ही सारी पाचरीचीच भावंडं. पाचर २० सेंटिमीटर लांब आणि मागे ५ सेंटिमीटर जाड असली, तर हिशेबाने जोर चौपट होतो. घर्षणात त्यातला बराच जातो, तरीही काम हलके होते.

नांगराचा फाळ म्हणजे जमिनीत चालणारी पाचर. लाकडी नांगर माती फाडतो, पण उलटवीत नाही. दोन तासांमध्ये न नांगरलेला पट्टा राहतो, म्हणून उभी-आडवी नांगरट करावी लागते.

१९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. त्यात फाळ माती कापतो आणि मागचा वळणदार पंख ती पालथी घालतो. पण सुरुवातीला गिऱ्हाईकच मिळेना! लोखंडाने जमीन विषारी होते, अशी लोकांची समजूत. खरे तर लाकडी नांगराच्या टोकालाही फाळ लोखंडाचाच होता. पुढे १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळ किर्लोस्करवाडी वसली आणि हा नांगर देशावर घरोघरी गेला.

मग आपल्याकडे हलका लाकडी नांगर इतकी वर्षं का टिकला? तो काही अडाणीपणा नव्हे. आपली खाचरे लहान, बैलही लहान चणीचे. एका खाचरातून दुसऱ्यात नांगर खांद्यावरून न्यायचा. तिथे जड नांगर गैरसोयीचाच.

तेव्हा बंधूंनो, नव्या अवजाराला ऐकीव गोष्टींवरून भिऊ नका आणि नुसत्या स्तुतीला भुलूही नका. आधी एका खाचरात चालवून बघा. तास किती खोल जाते, बैल किती दमतात, हे स्वतः पाहा आणि मगच पैसे मोजा.

आज पुष्कळ ठिकाणी पॉवर टिलर आला आहे. त्याची पाती म्हणजेही पाचरीच. म्हणून पावसापूर्वी फाळ पाजवून घ्या, झिजलेली पाती बदला. बोथट पाचरीचा दंड बैलाला नाहीतर तुमच्या खिशाला भरावा लागतो!