जबलपूरची जोंगा आणि तिची डागडुजी

उत्सव समितीच्या चिटणीसांनी यंदा माझ्याकडे फॅक्टरीच्या इतिहासावर लेख मागितला. तो इतिहास माझ्याहून चांगला सांगणारे चार जण आपल्यातच आहेत. म्हणून मी माझ्या बहुतेक सुट्ट्या जिच्यापायी गेल्या तिच्याबद्दल लिहितो. विसर्जनाच्या दिवशी मूर्तीची ट्रॉली ओढणारी हिरवी जोंगा आपण सर्वांनी पाहिली आहे. ती माझी. मुलांना ती मिलिटरीची गाडी वाटते, आणि वाटते ते खरेच आहे.

जोंगा हे नाव जपानी नाही आणि आफ्रिकेतलेही नाही. जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे घेऊन ते झाले आहे. म्हणजे आपल्या गावाचे नाव तिच्या पहिल्याच अक्षरात आहे. गाडी मात्र मूळची निसान कंपनीची पेट्रोल. (इथे पेट्रोल म्हणजे गस्त घालणारी, इंधनाचे पेट्रोल ती किती पिते ते पुढे येईलच.)

भारतीय सैन्याला डोंगरात चढणाऱ्या गाड्यांची गरज कशी भासली, ही कथा आधीची आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या कितीतरी डिस्पोजलमध्ये निघाल्या. १९४८ साली काश्मीरच्या लढाईत आपल्याला जीप तातडीने हव्या होत्या. तेव्हा लंडनमधले आपले हायकमिशनर कृष्ण मेनन यांनी दुरुस्त केलेल्या दोन हजार जुन्या जीपचा करार केला. त्यातल्या १५५ मद्रास बंदरात उतरल्या आणि सैन्याने त्या नाकारल्या. हाच तो गाजलेला जीप घोटाळा. सरकारने १९५५ साली प्रकरण मिटवले. पुढे १९५७ ते १९६२ या काळात तेच मेनन संरक्षणमंत्री होते, आणि गाड्या देशातच बनवायच्या असा आग्रह त्यांनी धरला. त्यांच्याच काळात, १९५९ साली, जर्मन परवान्यावरचा शक्तिमान ट्रक आपल्या गन कॅरेज फॅक्टरीत सुरू झाला. जुनी जीप दुरुस्त करून वापरणे ही तेव्हा दिल्लीत बदनामीची गोष्ट झाली होती. पुढची चाळीस-पन्नास वर्षे या देशातल्या हजारो लोकांनी नेमके तेच केले, आणि त्यात त्यांना कोणताही कमीपणा वाटला नाही.

साठच्या दशकात निसानशी करार होऊन एक टनी गाडी आणि जोंगा आपल्याकडे आल्या. १९६९ साली व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली आणि काम तिकडे गेले. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, १९६१ साली खडकीहून बदलीवर इथे आले होते. ते इंजिनांच्या तपासणीवर होते. सहा सिलिंडर, ३९५६ सीसी. हा आकडा आमच्या घरात मुलांना पाढ्यांच्या आधी पाठ होई.

पुढे सैन्यात जिप्सी आणि महिंद्राच्या गाड्या आल्या आणि जोंगा लिलावात निघू लागल्या. नागरिकांसाठी डिझेल जोंगा काढण्याचा प्रयत्न नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात झाला. १९९९ साली उत्पादनच थांबले. मी माझी जोंगा १९९३ साली घेतली, अठ्ठावीस हजारांना. त्यासाठी सोसायटीचे कर्ज काढले होते. सौ.ने त्या वेळी काय म्हटले ते समितीच्या स्मरणिकेत छापण्याजोगे नाही.

गाडी दणकट होती, पण लिटरला जेमतेम साडेचार किलोमीटर देई. भेडाघाटला जाऊन यायचे तरी खिशाकडे पाहावे लागे. पाच वर्षे मी तिला रविवारची गाडी म्हणून सांभाळले. सुटे भाग जुन्या बाजारातून आणायचे. गॅस्केट मिळत नसे, तर कोरी शीट इंजिनाच्या कडेवर धरून गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोकत जायचे; कडेकडेने ती आपोआप कापली जाते. ब्रेकच्या सिलिंडरला आतून गंज चढला की लेथवर बोअर करून पितळी नळी बसवायची. कमानपाट्यांची पाने सैल पडली की भट्टीत तापवून पुन्हा पाणी द्यायचे. हे सगळे मला आधारतालच्या एका उस्तादांनी शिकवले. ते शाळेत गेले नव्हते, पण बेअरिंग बोटांत फिरवून किती हजार किलोमीटर उरले ते सांगत.

मग १९९८ साली ठरले, इंजिन बदलायचे. पुण्याला आकुर्डीत बनणारे, मर्सिडीजच्या परवान्यावरचे मॅटेडोरचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन त्या काळी अर्ध्या भारतातल्या जुन्या जीपांत जात होते. अपघातातल्या एका गाडीचे मला मिळाले. वाटते तसे हे काम नट-बोल्टांचे नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये जाड पत्र्याची जोडपट्टी लेथवर कातून घ्यावी लागते, आणि तिचे मध्यबिंदू केसभर जरी चुकले तरी क्लच महिन्यात जातो. आमचा एकदा गेला. पेट्रोल इंजिनात ब्रेकच्या बूस्टरला लागणारी हवेची ओढ आपोआप मिळते; डिझेलमध्ये ती मिळत नाही, वेगळा पंप लावावा लागतो. हे न कळल्याने काही लोकांनी उतारावर काय भोगले ते उस्ताद सांगत, तेव्हा अंगावर काटा येई. आरटीओत जाऊन आरसी बुकात नवे इंजिन आणि इंधन डिझेल अशी नोंदही रीतसर करून घेतली.

नाना त्या दिवसांत काही बोलले नाहीत. जुने इंजिन खाली उतरले तेव्हा मात्र जवळ आले, एकेक प्लग काढून भोकांतून तेल सोडले, वर ताडपत्री बांधली आणि म्हणाले, "अरे, विकू नकोस हे." विकले नाही. २०११ साली नाना गेले.

असे करणारा मी एकटा नव्हे. दार्जिलिंगजवळ मानेभंजनहून ३६३६ मीटर उंचीवरच्या सांदकफूला जाणाऱ्या १९५०च्या दशकातल्या लँड रोव्हर पहा. चहाच्या मळेवाल्यांनी मागे सोडलेल्या गाड्या, आत इंजिने इथली. हरियाणातल्या मंडी डबवालीत तर जीप जोडण्याचा बाजारच उभा राहिला. इडुक्कीच्या चढांवर मजूर आणि वेलदोडा जुन्या जीपच वाहत आल्या. मूळ इंजिन हवेच म्हणून यांतले कोणी अडून बसले असते तर या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या असत्या.

आता गंमत पहा. २०२१ साली सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांना व्हिंटेज म्हणून संरक्षण देणारा नियम आणला. चांगली गोष्ट. पण अट अशी की गाडी मूळ रूपातच हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. शिवाय पन्नास वर्षे मोजायची ती पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून. माझ्या जोंगाचा जन्म १९७४चा, पण आरसी बुकात ती १९९३ची. तिची सरकारी पन्नाशी २०४३ साली, तीही इंजिनामुळे नाहीच. म्हणजे श्रीमंतांच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली गाडी हा वारसा, आणि पंचवीस वर्षे राबलेली ही नुसती जुनी गाडी. दर पाच वर्षांनी फेरनोंदणी करायची. १ एप्रिल २०२२ पासून तिची फी ६०० रुपयांवरून ५००० झाली, आणि पुढे वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी आणखी वाढली. फीबद्दल माझी तक्रार नाही. हवेचा प्रश्न खरा आहे, आणि डिझेलच्या धुराचे समर्थन मी करणार नाही. पण तिचा इतिहास पुसला गेला असे नियम म्हणतो, तिथे मला पटत नाही. आकुर्डीचे इंजिन, आधारतालची जोडपट्टी, सोसायटीचे कर्ज, हाही तिचाच इतिहास.

तरीही मुलाच्या मनात आहे की २०२८च्या फेरनोंदणीपूर्वी नानांचे इंजिन परत चढवावे. तो बेंगळुरूहून येतो तेव्हा आम्ही दोघे ताडपत्री सोडून क्रँक हाताने फिरवतो. अजून फिरतो. पिस्टन मात्र दोन गेलेले आहेत. आपल्यापैकी कोणाकडे, विशेषतः फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या मंडळींकडे, जोंगाचा पिस्टन-रिंग संच, स्टँडर्ड किंवा अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज, माळ्यावर पडलेला असेल तर कृपया मंडपातल्या देणगी टेबलावर निरोप ठेवावा. योग्य किंमत देईन.