कुलशोध, गोमंतकीय
पोर्तुगीज अमदानीतील धर्मच्छळामुळे परागंदा झालेल्या गोमंतकीय घराण्यांचे मूळ शोधणे. फ्रान्समधील ह्यूगनॉट (प्रॉटेस्टंट) पंथीय 1685 नंतर देशोधडीला लागले. तिसवाडी, बारदेश व साष्टीतील हिंदूंवर ती वेळ सव्वाशे वर्षे आधीच आली होती. गोव्यात इन्क्विझिशन (धर्मन्यायालय) 1560 मध्ये आले आणि 1774–78 ही वर्षे वगळता 1812 पर्यंत टिकले. त्याचे बहुतेक दप्तर नष्ट झाले. 1623 पर्यंतच्या सुमारे 3,800 खटल्यांची सूची तेवढी लिस्बनला आहे. म्हणून कागदापेक्षा कुलदैवत अधिक भरवशाचे. माणसांबरोबर देवही जुवारी नदीपार अंत्रुज महालात (फोंडा) गेले : मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. तेथे ते सुरक्षित होते, कारण हा महाल पोर्तुगिजांच्या हाती गेला तो थेट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. कारवार, मंगळूर वा मुंबईचे घर कवळ्याच्या शांतादुर्गेचे कुळावी (कुलदैवत मानणारे) निघाले, तर शोध केळशीकडे वळवावा. आडनाव मात्र फसवते. ‘मंगेशकर’मध्ये मंगेशी आहे, देवाचे मूळ गाव कुठ्ठाळी नाही. धर्मांतरित शाखांना तर बहुधा धर्मपित्याचे किंवा पाद्र्याचे आडनाव मिळे. तेथे गावकरीतील (ग्रामसंस्थेतील) वांगडांच्या, म्हणजे कुळगटांच्या, नोंदी उपयोगी पडतात.