चौथ्या दिवसाचा इतिहास

दिवाळीचा फराळ संपत आला की वर्तमानपत्रांतून आणि फोनवरून एक वेगळी जाहिरात फिरू लागते : तीन दिवस फक्त रस प्या, शरीर आतून स्वच्छ करा. मागच्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, असे बाटल्यांचे एक पुडके मागवले. बाटल्यांवर 'पहिला दिवस', 'दुसरा दिवस', 'तिसरा दिवस' अशा चिठ्ठ्या होत्या. त्याआधी काय करायचे आणि चौथ्या दिवशी काय खायचे, याबद्दल अक्षर नव्हते. ताई मधुमेहाची गोळी घेते. दुधी-पालकाच्या रसावर दोन दिवस काढून तिसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात घेरी येऊन पडली. रक्तातली साखर ४८ वर आली होती. डॉक्टरांनी एवढेच विचारले, "जेवण बंद केलंत आणि गोळी चालू ठेवलीत?"

मी वैद्य नाही की डॉक्टर नाही. जुनी पुस्तके, चरित्रे आणि पत्रव्यवहार चाळत बसण्याचा मला नाद आहे. ताई घरी आल्यावर मी रसाहाराचा इतिहास शोधू लागलो. त्यात सतत एकच गोष्ट समोर येत गेली. ज्यांनी हा प्रकार गांभीर्याने केला, त्यांनी उपवासाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक काळजी त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांची घेतली.

आपल्याकडे याचे सर्वांत जुने तपशीलवार रूप चरकसंहितेत सापडते. सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात लंघनाचे दहा प्रकार दिले आहेत आणि उपवास हा त्यांतला केवळ एक. लंघन कोणाला द्यावे, हेही तिथे सांगितले आहे. सिद्धिस्थानात वमन-विरेचनानंतरचा आहार येतो, त्याला संसर्जनक्रम म्हणतात. आधी पेया म्हणजे पातळ पेज, मग विलेपी म्हणजे दाट पेज, मग साधे कढण, मग स्नेह-मीठ घातलेले कढण आणि शेवटी मांसरस. शुद्धी जितकी मोठी तितका हा क्रम लांब : तीन, पाच किंवा सात दिवस. त्यामागचे कारण चरकाने चुलीच्या उपमेने सांगितले आहे. विझत आलेला विस्तव गवत आणि शेणी घालून हळूहळू फुलवावा लागतो, तसाच पोटातला अग्नी.

आधुनिक काळातले याचे उदाहरण पुण्यातच आहे. १० फेब्रुवारी १९४३ रोजी येरवड्याजवळच्या आगाखान पॅलेसमध्ये, स्थानबद्धतेत असताना, गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपवास सुरू केला. तेव्हा ते ७३ वर्षांचे होते. हा उपवास राजकीय आणि नैतिक होता, शरीरशुद्धीसाठी नव्हता. पण त्याची वैद्यकीय बाजू फार बोलकी आहे. नुसते पाणी आता आपल्या पोटात टिकत नाही, म्हणून ते पिता येण्यासाठी त्यात लिंबूवर्गीय फळांचा रस घालू, असे त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना आधीच कळवले होते. मधल्या दिवसांत मळमळ आणि उलट्यांनी प्रकृती चिंताजनक झाली. पाण्यात मोसंबीच्या रसाचे काही थेंब घातल्यावर उलट्या थांबल्या. उशाशी डॉ. सुशीला नय्यर, डॉ. गिल्डर, डॉ. बिधनचंद्र रॉय आणि सरकारी डॉक्टर होते. ३ मार्चला कस्तुरबांनी पाणी घातलेला सहा औंस संत्र्याचा रस हातात दिला. तो लहानसा पेला संपवायला गांधीजींना वीस मिनिटे लागली. पुढचे चार दिवस फक्त संत्र्याचा रस, आणि मग शेळीचे दूध, फळांचा रस आणि गर.

ही सावधगिरी अनुभवातून आलेली होती. १९२५ च्या डिसेंबरात, सात दिवसांच्या उपवासानंतर, त्यांनी 'यंग इंडिया'त उपवासाचे नियम लिहिले. सुरुवातीपासून शरीराची आणि मनाची शक्ती राखा, उकळून गाळलेले पाणी थोडे थोडे पण भरपूर प्या, त्यात मीठ आणि सोडा घालायला घाबरू नका, कोमट पाण्याने अंग पुसा, झोप भरपूर घ्या, अन्नाचा विचार करू नका. रोज एनिमा घ्यावा, असेही त्यांत होते. तेवढे मात्र आज घरच्या घरी करू नये, कारण त्यातून अंगातले पाणी आणि क्षार जातात.

त्याच सुमारास जर्मनीत ऑटो बुखिंगर हा नौदलातला डॉक्टर स्वतःच्या संधिवातावर उपाय शोधत होता. १९१९ मध्ये त्याने दीर्घ उपवास केला, पुढच्या वर्षी विट्झेनहाउझेनला आरोग्यधाम काढले आणि १९३५ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले. फळांचा रस, भाज्यांचे पातळ सार आणि थोडा मध, ही त्याची पद्धत. आज बाटलीत विकल्या जाणाऱ्या रसाहाराची ती एक पूर्वज म्हणता येईल. पण तिथेही उपवासाआधी हलक्या आहाराचे दिवस असतात, नंतर आहार पायरीपायरीने वाढवण्याचे दिवस असतात आणि डॉक्टरांची देखरेख असते. बाजारात आली ती फक्त मधली बाटली. दोन्ही टोके मागेच राहिली.

'शरीरातली विषे निघतात' हा दावा तर तपासूनच घ्यावा. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे रोजच करत असतात. तीन दिवसांत उतरलेले वजन बहुतांशी पाण्याचे आणि साठवलेल्या साखरेचे असते, जेवण सुरू झाले की ते परत येते. रसात प्रथिने नाममात्र असतात आणि फळाचा चोथाही निघून गेलेला असतो.

तरीही निरोगी प्रौढ माणसाला एक ते तीन दिवस करून पाहायचे असेल, तर जुन्या माणसांची शिस्त घ्यावी. दोन-तीन दिवस आधीपासून चहा-कॉफी हळूहळू कमी करावी, एकदम सोडली तर डोके धरते. तळण आणि मद्य बंद करून मऊ भात, मुगाचे कढण, उकडलेल्या भाज्या घ्याव्यात. रस ताजा काढून लगेच प्यावा, फळे-भाज्या नीट धुवाव्यात आणि सोबत पाणी व चिमूटभर मीठ असू द्यावे. दुधीचा तुकडा आधी चाखून पाहावा. कडू लागला तर अख्खा दुधी फेकून द्यावा, आणि दुधीच्या रसात दुसरा रस मिसळू नये, म्हणजे कडूपणा झाकला जात नाही. २०१० मध्ये दिल्लीत अशा कडू रसाने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला होता आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेला त्यावर तज्ज्ञ समिती नेमावी लागली होती. त्या दिवसांत जड व्यायाम आणि लांबचे वाहन चालवणे टाळावे. घेरी, धडधड, उलट्या किंवा गोंधळल्यासारखे वाटले की तिथेच थांबून डॉक्टरांकडे जावे.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारे, मूत्रपिंडाचे रुग्ण, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढती मुले, अशक्त वृद्ध, खाण्यासंबंधीचा मानसिक आजार असलेले, या सर्वांनी हा मार्ग धरू नये. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर अचानक वाढवलेला पालकाचा रसही तिच्या आड येतो.

आणि मग चौथा दिवस. सकाळी पेज किंवा मुगाचे पातळ कढण, दुपारी ताक आणि मऊ भात, पोळी-भाजी दुसऱ्या दिवशी. आपल्या भाषेत उपवास सोडण्याला 'पारणे' असा वेगळा शब्द आहे, द्वादशीला त्याची वेळही ठरलेली असते.

ताई रुग्णालयातून घरी आली, तेव्हा तिला पहिल्यांदा पातळ पेज दिली. ती म्हणाली, "आपली आई एकादशीच्या दुसऱ्या दिवशी हेच करायची." रसाच्या उरलेल्या दोन बाटल्या तिने मोरीत ओतल्या. यंदा तिने चकल्या कमी केल्या आहेत.