रुग्णालयीन वस्त्रे आणि जंतुसंसर्ग : लिस्टरच्या गॉजपासून एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

उपचारांसाठी रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णास तेथेच नव्याने जंतुसंसर्ग व्हावा, ही वैद्यकशास्त्रापुढील एक गंभीर समस्या आहे. चादरी, पडदे, परिचारिकांचे पोशाख आणि जखमेवरील पट्ट्या यांवर अनेक रोगजंतू दीर्घकाळ तग धरू शकतात. म्हणूनच चांदी, तांबे किंवा चतुर्थक अमोनियम संयुगे यांचा संस्कार केलेली सूक्ष्मजीवरोधक वस्त्रे विकसित करण्याचे प्रयत्न होत आहेत. या वस्त्रांकडे सर्वसाधारणपणे अगदी अलीकडचा शोध म्हणून पाहिले जाते. वस्तुतः कापडालाच जंतुनाशक बनविण्याची कल्पना सुमारे दीडशे वर्षांपूर्वी प्रत्यक्षात आली होती. तिचा उदय, तिच्या मर्यादा आणि तिच्यापासून मिळणारा बोध यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लिस्टरपूर्व काळ

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील रुग्णालयांत जुन्या कापडाचे धागे उसवून केलेला चोथा जखमेत भरला जात असे. एकच स्पंज अनेक रुग्णांच्या जखमा पुसण्यासाठी वापरला जाई. रक्ताने कडक झालेला कोट हे शल्यचिकित्सकाच्या अनुभवाचे लक्षण समजले जाई. व्हिएन्ना येथे 1847 मध्ये इग्नाझ सेमेलवाइस यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्याचा नियम घालून प्रसूतीनंतरचे मृत्यू कमी करून दाखविले. परंतु त्यांचे म्हणणे बहुतेकांनी स्वीकारले नाही. क्रिमियन युद्धात 1854 मध्ये स्कुटारी येथे पोहोचलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी कपडे धुण्याची व्यवस्था उभी केली. मात्र जंतूंचा सिद्धान्त अद्याप प्रस्थापित झालेला नसल्याने स्वच्छतेचे कारण दुर्गंधी व दूषित हवा यांतच शोधले जात होते.

जंतुनाशक कापडाचा जन्म

पाश्चर यांच्या संशोधनाचा आधार घेऊन जोसेफ लिस्टर यांनी 12 ऑगस्ट 1865 रोजी ग्लासगो येथील रुग्णालयात एक प्रयोग केला. गाडीचे चाक पायावरून गेलेल्या जेम्स ग्रीनलीज या अकरा वर्षांच्या मुलाच्या उघड्या अस्थिभंगावर त्यांनी कार्बोलिक आम्लात भिजविलेले कापड बांधले. अशा दुखापतीत पाय कापणे हाच बहुधा उपाय असे. येथे मात्र जखम चिघळली नाही आणि सुमारे सहा आठवड्यांत हाड सांधले. पुढे 1867 मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपले अनुभव प्रसिद्ध केले. त्यांच्या आकडेवारीनुसार पूर्वी अवयवच्छेदनाच्या 35 रुग्णांपैकी 16 दगावले होते; नव्या पद्धतीत 40 पैकी 6 दगावले. ही संख्या लहान होती आणि दोन्ही गट एकाच काळातील नव्हते, हे लक्षात घेऊनही तिचे महत्त्व नाकारता येत नाही.

ओले कापड लवकर वाळे आणि तीव्र आम्लाने त्वचा भाजे. या अडचणीवर उपाय म्हणून एडिंबरो येथे 1871 च्या सुमारास लिस्टर यांनी विरळ सुती कापडात कार्बोलिक आम्ल, राळ आणि पॅराफिन यांचे मिश्रण मुरविले. राळ आम्ल धरून ठेवी व ते हळूहळू बाहेर सोडी. पॅराफिनमुळे कापड चिकटत नसे. अशा आठ पदरांची पट्टी करून सातव्या व आठव्या पदरामध्ये जलरोधक कापड घातले जाई. आजचे वस्त्रतंत्रज्ञ ज्यास नियंत्रित उत्सर्जन म्हणतात, त्याचे हे एक प्रारंभिक उदाहरण होय.

रसायनाकडून वाफेकडे

रॉबर्ट कॉख यांनी 1881 मध्ये दाखविले की, कार्बोलिक आम्लाचा जंतूंच्या बीजाणूंवर फारसा परिणाम होत नाही. साहजिकच पाऱ्याची संयुगे पुढे आली. लिस्टर यांनीही 1889 मध्ये पारा व जस्ताच्या सायनाइडचा गॉज सुचविला. परंतु पाऱ्याच्या द्रावणांनी काम करणाऱ्यांचे हात सोलवटत. बाल्टिमोर येथे विल्यम हाल्स्टेड यांनी रबरी हातमोजे करवून घेतले, ते एका परिचारिकेच्या हातांना झालेल्या याच त्रासामुळे. दरम्यान बर्लिन येथे अर्न्स्ट फॉन बर्गमान आणि कुर्ट शिमेलबुश यांनी पट्ट्या व कपडे वाफेने निर्जंतुक करण्याची पद्धत रूढ केली. जखमेत जंतू मारण्यापेक्षा ते जखमेपर्यंत पोहोचूच न देणे, हा विचार प्रभावी ठरला. जंतुनाशक कापडाची जागा बव्हंशी निर्जंतुक कापडाने घेतली.

पुनरागमन आणि इशारा

तरीही रसायनयुक्त वस्त्र इतिहासजमा झाले नाही. अमेरिकेत 1965 मध्ये कार्ल मॉयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी 0.5 टक्के सिल्व्हर नायट्रेटमध्ये भिजविलेल्या पट्ट्यांचा उपचार मांडला व तो उपयुक्त ठरला. परंतु 1975 मध्ये बॉस्टन येथील एका दाहविभागातून चांदीला दाद न देणाऱ्या साल्मोनेला जंतूची नोंद प्रसिद्ध झाली. प्रतिरोध केवळ प्रतिजैविकांपुरता मर्यादित नसतो, हे यावरून दिसून आले. वस्त्रातील अल्प मात्रा जंतूंशी दीर्घकाळ संपर्कात राहत असेल, तर ही शक्यता विशेष विचारात घ्यावी लागते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, प्रत्येक जंतुनाशक वस्त्राने एक प्रश्न सोडविताना दुसरा निर्माण केला. त्वचेचा दाह, विषारीपणा, बीजाणूंची चिवटता आणि प्रतिरोध हे त्याचे टप्पे होत. म्हणून नव्या वस्त्राची परीक्षा प्रयोगशाळेतील जंतूंच्या संख्येवर थांबू नये. ते किती धुण्यांपर्यंत टिकते, रुग्णाच्या त्वचेस सोसते का, धुण्याच्या पाण्याबरोबर त्यातील रसायन कोठे जाते आणि मुख्य म्हणजे त्यामुळे प्रत्यक्ष रुग्णांतील संसर्ग घटतो का, याची उत्तरे आवश्यक आहेत. लिस्टर यांनी शेवटी दगावलेल्या व वाचलेल्या माणसांची मोजणी केली होती. तोच निकष आजही लागू पडतो. हात धुणे, स्वच्छ धुलाई आणि वाफ यांना असे वस्त्र पूरक ठरू शकेल. ते त्यांचा पर्याय मानले गेल्यास मात्र त्याची किंमत रुग्णालाच मोजावी लागेल.